‘श्री.’ आणि ‘कै.’ यांच्यामधली एक अक्षत

मूषकावर बसूनही जो कधी वाट चुकला नाही, त्या श्रीगजाननास प्रथम वंदन. माझ्याही हाती उतारवयात एक मूषक आला. तो प्लास्टिकचा होता, शेपटीच्या जागी त्याला वायर होती आणि तो माझ्या आज्ञेत एक दिवसही राहिला नाही. त्यानंतर वंदन वाग्देवतेस, जिने अक्षर दाखवले आणि त्या अक्षरावरच जन्मभर पोटही भरले. दीपावलीच्या निमित्ताने आपल्या मंडळाच्या अंकासाठी लिहावे, असा संपादकांचा निरोप आला. निरोपाच्या शेवटी त्यांनी पुस्ती जोडली होती : “शास्त्रीबुवा, नोकरीतले लिहा. उपदेश नको.” मनावर दगड ठेवून मी ही अट स्वीकारली आहे.

संस्कृत पाठशाळेतून बाहेर पडून दिल्लीस आलो तो मुद्रितशोधक म्हणून. पहाडगंजमधल्या एका छापखान्यात शिशाचे खिळे जुळवले जात आणि त्यांचा पहिला ठसा माझ्यासमोर येई. त्यातले ऱ्हस्वदीर्घ, काने, वेलांट्या मी सुधारीत असे. आमच्या सौभाग्यवती सुमतीबाई मंत्रालयात नोकरीस, म्हणून आर. के. पुरमचे सरकारी घर लाभले. पुढे देशात उदारीकरण आले, शिसे वितळून गेले आणि छापखान्याच्या जागी हॉटेल उभे राहिले. त्या वेळी नोएडातल्या खुराणासाहेबांनी मला आपल्या डिझाइनच्या कार्यालयात घेतले. मेट्रो अजून नोएडापर्यंत पोहोचली नव्हती. मी चार्टर्ड बसने जात असे, आणि खिडकीतून पाहता पाहता एका वर्षी गव्हाचे शेत होते तिथे पुढल्या वर्षी इमारतींचे सांगाडे दिसत.

त्या सांगाड्यांची रंगीत पत्रके आम्ही करीत असू. एक बांधकामवाले गृहस्थ रोज येऊन चित्रातल्या पोहण्याच्या तलावाचे पाणी आणखी निळे करून घेत. पाचव्या दिवशी मी नम्रपणे विचारले, “तलाव कुठवर आला?” ते म्हणाले, “पंडितजी, पहले काग़ज़ पर तो भर जाए.” पत्रकांखेरीज लग्नपत्रिका, मिठाईचे डबे आणि संस्थांच्या स्मरणिकाही आमच्याकडे येत. देवनागरी मजकूर असला की तो माझ्याकडे.

वाचकांना या कामाची थोडी कल्पना द्यावयास हवी. संगणकावर रचना करताना प्रत्येक कृतीसाठी आज्ञा द्यावी लागते. अक्षर मोठे करणे, चित्र फिरवणे, ओळ मध्यावर आणणे, अशा शेकडो आज्ञा मेनूच्या पोटात एकीत एक दडवलेल्या असतात. माऊसने मेनू उघडावा, त्यातला उपमेनू, त्यातली खिडकी, तिच्यातला चौकोन; इतके होईतो आपण कशासाठी निघालो होतो याचा मला विसर पडे. शिवाय मनगट दुखू लागले होते. तरुण मंडळी दिवसाला चार पत्रिका हातावेगळ्या करीत, तेव्हा माझी एक होई. खुराणासाहेब मनाने चांगले. तरी श्रावणात ते एकदा माझ्या खुर्चीपाशी थांबले आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, “पंडितजी, दिवाली तक देखते हैं.”

त्या वाक्याचा अर्थ मला कळला. शेजारी बसणाऱ्या अनघालाही कळला. अनघा पुण्याची, नुकतीच शिकून आलेली, बोलण्यात फटकळ आणि अंतःकरणाने मऊ. तिने आठवड्याभरात नेहरू प्लेसच्या बाजारातून तळहाताएवढी एक काळी पाटी आणली. पाटीवर वीस कळा होत्या, आणि एकीवरही अक्षर नव्हते.

“हे काय, बाई?”

“काका, ही कोरी कळपाटी आहे. आपण शिकवू ते ही शिकते. पंधरा आज्ञा एका कळेत भरायच्या, मग तुम्ही फक्त कळ दाबायची. माऊसला हातच लावायचा नाही.”

“म्हणजे प्रत्याहार!” मी म्हणालो.

“काय हार?”

मी तिला समजावले. व्याकरणात ‘अच्’ एवढे म्हटले की सगळे स्वर आले, ‘हल्’ म्हटले की सगळी व्यंजने आली. उच्चार दोन अक्षरांचा, पण पोटात अख्खी वर्णमाला. आमच्या शास्त्रकारांना अर्धी मात्रा वाचली तरी पुत्रजन्माइतका आनंद होई. अनघा म्हणाली, “मग तर हे तुमचंच खेळणं आहे. आता दिवाळीच्या आत खुराणांना स्पीड दाखवू, बस्स.” आमच्या दोघांतला करार असा ठरला. कळपाटी टिकली तर मी टिकणार होतो.

प्रत्येक कळेवर पारदर्शक टोपी होती. तिच्याखाली कागदाची चिठ्ठी सरकवून नाव घालता येई. नावे मी घातली. चित्र काटकोनात फिरवणाऱ्या कळेचे नाव ‘प्रदक्षिणा’, फाइल बंद करणारीचे ‘विसर्जन’, केलेले काम संगणकात साठवणारीचे ‘आचमन’. ती मी तीनदा दाबत असे.

“काका, सेव्ह एकदा केलं तरी होतं हो.”

“आचमन एकदा होत नाही.”

पण माझा खरा अभिमान खालच्या रांगेत होता. तिथे उपाधींच्या कळा होत्या : चि., सौ., श्री., कै. त्यांतली कोणतीही दाबली की ती ओळीच्या आरंभी जाई, तिथे जुनी उपाधी असल्यास पुसून टाकी, आपली लिही आणि आपण होऊन पुढच्या ओळीवर उतरे. हे ‘आपण होऊन उतरणे’ वाचकांनी लक्षात ठेवावे. पुढील अनर्थ त्यातच आहे.

कळपाटीने मला खरोखरच वेग दिला. भाद्रपदात मी दिवसाला तीन पत्रिका करू लागलो. उत्साहाच्या भरात गाझियाबादच्या एका अग्रवाल कुटुंबाच्या हिंदी पत्रिकेतही सर्व सुवासिनींच्या नावांमागे मी ‘सौ.’ लावून मोकळा झालो. वराचे वडील पत्रिका नाचवीत आले. “पंडितजी, ये सौ सुमन, सौ सरोज, सौ कमलेश! अरे, मेरी तो एक ही साली है कमलेश, वही सँभलती नहीं!” मी क्षमा मागितली आणि ‘सौ.’ काढून ‘श्रीमती’ घातले. खुराणासाहेब हसले. दिवाळीची टांगती तलवार थोडी वर सरकली, असे मला वाटले.

अशातच आपल्या मंडळाच्या कुटुंबसूचीचे काम आले. कोजागरीच्या संमेलनात प्रकाशन व्हावयाचे होते. कुटुंबप्रमुखांची नावे दोनशे सोळा, अकारविल्हे लावलेली. पहिले नाव मंडळाचे संस्थापक अच्युतराव अभ्यंकर यांचे. ते वर्षापूर्वी निवर्तले होते. तथापि कुटुंबाची नोंद त्यांच्याच नावे राहावी, ही त्यांच्या पत्नी कुसुमवहिनींची इच्छा होती. तेव्हा बेत असा : सर्वांना ‘श्री.’ लावावे आणि अखेरीस अभ्यंकरांच्या नावाशी जाऊन एकवार ‘कै.’ची कळ दाबावी. खुराणासाहेबांनी हेही सांगून ठेवले होते की मंडळ खूश झाले तर दिल्लीतल्या मराठी लग्नपत्रिका आपल्याकडे येतील, आणि तसे झाले तर मला कोण हलवणार?

दोनशे सोळा नावे मी अक्षर अन् अक्षर तपासली. मग खंडेनवमी आली. आयुधांची पूजा करण्याचा तो दिवस. सुताराने करवतीची करावी, वैद्याने खलबत्त्याची, आणि माझे आयुध त्या वर्षी कळपाटी होते. मी तिला गंध लावले, झेंडू वाहिला आणि कुंकवात भिजवलेल्या अक्षता मनोभावे वाहिल्या. खुराणासाहेबांनी पेढा घेतला, अनघाने तर नमस्कारही केला. दुसऱ्या दिवशी दसऱ्याची सुट्टी. एकादशीस उपवास करून मी कामावर आलो, अक्षता फुंकरीने झटकल्या आणि उपाधी लावावयास बसलो.

इथे एक कबुली देतो. एकच कळ दोनशे सोळा वेळा दाबावयाची, म्हणजे तो जपच. दोन माळा बरोबर होतात. मी डोळे मिटले, प्रत्येक दाबासरशी मनात नाम घेतले आणि डाव्या हाताच्या पेरांवर संख्या मोजत गेलो. एकशे आठ झाले, पहिली माळ संपली, म्हणून डोळे उघडले. पाहतो तो यादीही संपलेली! पडद्यावरची लुकलुकती खूण दोनशे सोळाव्या नावाखाली उभी होती.

दोनशे सोळा नावे एकशे आठ दाबांत कशी संपली, हा प्रश्न कोणाही विचारी मनुष्यास पडला असता. मला पडला नाही. माझ्या अंगावर रोमांच उभे राहिले. जगदंबेने पूजा गोड मानून घेतली आणि माझे निम्मे श्रम स्वतः उचलले, अशी माझी धारणा झाली. त्या भरात अभ्यंकरांच्या नावाशी जाणे राहून गेले. मी तीनदा आचमन केले आणि प्रूफ छापावयास दिले.

छापखान्याचा जुना नियम असा की शेवटची दुरुस्ती झाल्यावर पुन्हा शेवटचे वाचन करावयाचे. हा नियम मी तीस वर्षे इतरांना शिकवला. त्या दिवशी तो मोडणारा मीच.

खुराणासाहेबांनी मात्र प्रूफ चाळले. चाळता चाळता त्यांची मुद्रा आदराने भरून आली. “वाह पंडितजी! आपके मंडल में इतने कैप्टन हैं?” हिंदीत कॅप्टनचा संक्षेप ‘कै.’ असा करतात. मला वाटले, दोन-तीन फौजी नावे त्यांच्या डोळ्यांखालून गेली असावीत. मी म्हणालो, “जी, पुरानी परंपरा है.” प्रूफ मंडळाकडे गेले.

द्वादशीस पारणे फेडून मी येतो तो मंडळाचे कार्यवाह सबनीस आमच्या कार्यालयात बसलेले. सबनीस सरकारी खात्यातून उपसचिव म्हणून निवृत्त झालेले, आमच्याच वसाहतीतले, काठी टेकीत चालणारे. त्यांनी प्रूफ माझ्यापुढे ठेवले.

“शास्त्रीबुवा, मी स्वतःच आलो. म्हटलं, अजून येता येतंय तोवर जाऊन यावं.”

मी पाहिले. ‘कै. दत्तात्रय सबनीस.’ वरचे नाव श्री., खालचेही श्री.; पण एकाआड एक सारे मंडळ गेलेले.

“काल कार्यकारिणीत वाचन झालं,” सबनीस सांगू लागले. “आमचे खजिनदार गेले, नाट्यविभाग अख्खा गेला. नव्वदीचे अध्यक्ष तेवढे ठणठणीत. ते म्हणाले, मला आधीपासूनच वाटत होतं, तुमच्यात कुणाला स्टॅमिना नाही. आणि हे बघा, कै. वैकुंठ पाठक! अहो, माणूस कैलासात पाठवलात की वैकुंठात, एकदा ठरवा तरी. पाठकीणबाई म्हणाल्या, कुठं का असेनात, पत्ता छापू नका.”

खुराणासाहेब धावत आले. ‘कै.’चा अर्थ त्यांना सांगावा लागला. कॅप्टन एका क्षणात स्वर्गवासी झाल्याचे ऐकून ते खुर्चीत बसले. मग उठून त्यांनी कळपाटीकडे बोट दाखवले आणि अनघाला म्हणाले, “ये तुम्हारा खिलौना! मैंने कहा था ना? आज ही वापस करो. और तुम्हारी भी बात करेंगे, तुम अभी प्रोबेशन पर हो.”

अनघाचा चेहरा पांढरा पडला. ती नेहमी सव्वाशेर उत्तर देणारी, पण तेव्हा एवढेच पुटपुटली, “सर, मैंने टेस्ट की थी. बिल्कुल ठीक चल रही थी.”

मी कळपाटी हाती घेतली आणि ‘श्री.’ हलकेच दाबली. शेजारची ‘कै.’ तिच्याबरोबर खाली गेली. दोन्ही टोप्यांच्या फटीत काहीतरी पाचरीसारखे बसले होते. म्हणजे एका दाबात दोन कळा : पहिल्या ओळीस ‘श्री.’, मग खाली उतरून दुसरीस ‘कै.’ माझ्या एकशे आठ दाबांतच दोनशे सोळा जणांचा निकाल लागला होता. जगदंबेने निम्मे श्रम उचलल्याचे गूढ ते एवढेच. मी टाचणीने ती पाचर काढली. कुंकवाने लाल झालेला तांदळाचा एक दाणा.

तो दाणा बोटावर घेऊन मी क्षणभर उभा होतो. माझ्याखेरीज कोणी पाहिला नव्हता. तो खिशात गेला असता तर दोष यंत्राचा राहिला असता, किंवा त्या मुलीचा. दिवाळी दोन-अडीच आठवड्यांवर आली होती, आणि मला त्या खुर्चीची गरज होती. मनाने असा हिशेब करावा याची आज लिहितानाही लाज वाटते. पण केला, म्हणून लिहितो. तो क्षण गेला आणि मी बोट खुराणासाहेबांपुढे धरले.

“साहब, ग़लती न मशीन की है, न लड़की की. ये अक्षत मैंने चढ़ाया था. और आख़िरी बार पढ़ना मेरा काम था, मैंने नहीं पढ़ा.”

खुराणासाहेबांनी दाणा उजेडात धरून पाहिला. त्यांच्या स्वतःच्या संगणकावर शेंदराचे स्वस्तिक होते आणि दारावर लिंबूमिरच्या. ते खजील होऊन म्हणाले, “पंडितजी, मैं तो समझता था पूजा से मशीन अच्छी चलती है.”

“चली तो अच्छी, सर,” अनघाला वाचा फुटली. “डबल स्पीड से.”

सबनीस काठी आपटून हसले. खुराणासाहेबांनी हसू दाबण्याचा यत्न केला, तो साधला नाही. तरी आवाज करडा करून म्हणाले, “शाम तक सही करके दो. फिर देखते हैं.”

“मी इथंच बसतो,” सबनीस म्हणाले. “माझ्या डोळ्यांदेखत मला जिवंत करा.”

आम्ही बसलो. अनघाने एकेक कळ दाबावी, मी पडद्यावर बोट ठेवून उपाधीसह नाव मोठ्याने वाचावे आणि सबनिसांनी हातातल्या यादीशी ताडून ‘आहेत’ म्हणावे. वाचनाची ही जुनीच रीत. एक वाचतो, दुसरा ऐकतो, आणि चूक दोघांच्या मध्ये सापडते. पाठकांशी आल्यावर सबनीस म्हणाले, “आहेत, पाठकीणबाईंचा नाइलाज आहे.” स्वतःच्या नावाशी ते उठून उभे राहिले आणि शाळेतल्यासारखे ओरडले, “हजर!” दोन माळा पूर्ण व्हायला दुपार सरली. या खेपेस डोळे उघडे होते, आणि तो जप मला अधिक खरा वाटला.

शेवटी अभ्यंकरांचे पहिले नाव उरले. जुन्या प्रुफात पाहावे म्हणून मी पाने उलटली, तर पहिले पानच नव्हते.

“ते कुसुमवहिनींकडे आहे,” सबनीस जरा हळू बोलले. “काल आम्ही सगळे गेलो आणि अच्युतराव परत आले होते ना. ‘श्री. अच्युतराव अभ्यंकर’. बैठकीत वहिनींनी ते दोनदा वाचलं. पान तेवढं मागून घेतलं.”

‘कै.’ची कळ दाबण्यासाठी अनघाने माझ्याकडे पाहिले. मी तिला थांबवले आणि ती मीच दाबली. इतके जड बोट मला ना त्याआधी कधी वाटले, ना त्यानंतर.

संध्याकाळच्या बसआधी खुराणासाहेब माझ्या खुर्चीपाशी आले. या वेळी ते माझ्याकडे बघत होते. म्हणाले, “खिलौना रहेगा. लड़की भी रहेगी. और पंडितजी, स्पीड मशीन दे देगी. आख़िर में पढ़ने वाला मुझे बाज़ार में नहीं मिलता. आप बैठिए. बस, अगली नवमी पर चावल नहीं.” पुढे त्या खुर्चीत मी आणखी नऊ वर्षे बसलो. खंडेनवमीस कळपाटीला केवळ गंध आणि फूल मिळे. अक्षता शेजारच्या बशीत वाहिल्या जात. बशी दोन हात दूर आहे ना, हे अनघा स्वतः तपासत असे.

कोजागरीच्या रात्री सूची प्रकाशित झाली. केशरी दुधाचा पेला घेऊन मी कुसुमवहिनींपाशी गेलो आणि हात जोडले. “वहिनी, माझ्या हलगर्जीपणामुळे तुम्हाला उगाच क्लेश झाले. ते पान परत दिलेत तर बरे. चुकीचे प्रूफ बाहेर राहू नये.”

“चूक तुमची आहे, शास्त्रीबुवा, ती तुम्ही सुधारलीत,” त्या म्हणाल्या. “पान माझं आहे. वर्षानं कुणीतरी ह्यांना ‘श्री.’ म्हटलं. ते मी द्यायची नाही.”

मी पुन्हा मागितले नाही. माझ्या हातून सुटलेल्या चुकांपैकी दुरुस्त न झालेली ही एकच, आणि तिच्याबद्दल खेद मानावा की नाही, याचा निर्णय माझ्या शास्त्राने मला अद्याप दिलेला नाही.

वाचकहो, या दीपावलीस श्रीगजानन आणि शारदा आपल्या घरी नांदोत. घरातल्या बालकांना दीर्घकाळ ‘चि.’ शोभो, लेकीसुनांचे कल्याण होवो, वडीलधाऱ्यांच्या नावामागे ‘श्री.’ शंभर वर्षे टिको. आणि ती दुसरी कळ कधीतरी दाबणे ज्याच्या हाती आहे, त्याने ती सावकाश, डोळे उघडे ठेवून, शेवटचे वाचन करूनच दाबावी. शुभं भवतु.